पंधरावं भांडं

बत्तीस वर्षं मी लोकांच्या माठांत डोकावलो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या खात्यातले अनुभव लिहा" म्हणून निरोप पाठवला, तेव्हा बायको आधी खूप हसली आणि मग म्हणाली, "लिहाच. पण आपल्या घरचा कूलर कोन धुते, ते बी लिहा." लिहितो. आमच्या घरचा कूलर तीच धुते.

माझं कागदावरचं पद लांबलचक होतं, पण भंडाऱ्यात मला सगळे 'मच्छरवाला' म्हणत. जरा मान द्यायचा असला तर 'मच्छरवाले साहेब'. साल्याच्या लग्नात सासऱ्यांनी व्याह्यांशी माझी ओळख "हे आमचे मच्छरवाले जावई" अशी करून दिली, तेव्हा थोडं लागलं होतं. पुढे सवय झाली. हत्यारं म्हणाल तर चारच. एक बॅटरी, एक पांढरा डाव, काचेची एक नळी आणि गेरूची डबी. बॅटरीनं भांड्यात पाहायचं, डावानं पाणी काढून त्यात अळ्या आहेत का बघायचं, भिंतीवर बसलेला डास नळीत धरायचा आणि निघताना दाराच्या चौकटीवर गेरूनं लिहायचं: किती भांडी तपासली आणि कितींत अळ्या सापडल्या. बारा भांडी पाहून तिनांत सापडल्या तर १२/३. खाली तारीख आणि सही. सगळं ठीक असलं तर मागे शून्य. ते शून्य काढायला मला फार आवडायचं. ऐटीत, गोल गरगरीत काढायचो.

जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा टेबलं, खुर्च्या, फवारणीचे पंप आणि माणसं यांची वाटणी झाली. डासांची वाटणी करायची राहून गेली, असं आम्ही चहा पिताना म्हणायचो. तोवर मी जंगलाकडच्या गावांत फिरणारा हिवतापाचा माणूस होतो. लोकांच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा ठिपका काचेवर घ्यायचा आणि सायकलवर टांग टाकून पुढच्या गावी जायचं. वाटणीत मला भंडारा शहर आलं. म्हटलं, चला, आता डांबरी रस्ता, दुपारी घरी जेवण. थोड्याच वर्षांत शहरातले ताप सुरू झाले. आधी सांधे धरून बसवणारा चिकुनगुनिया आला आणि मग डेंग्यूनं जे घर केलं ते केलंच.

हा डास वेगळा. अंगानं काळा, पायांत पांढरे पट्टे. नालीच्या घाण पाण्याकडे हा ढुंकून बघत नाही. याला तुम्ही पिण्यासाठी भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी लागतं. चावतो दिवसाउजेडी, त्यामुळे रात्री मच्छरदाणीत झोपलेला माणूसही "मी तर जाळीत झोपतो, मला कसा झाला?" असं विचारत राहतो. पुन्हा आळशी इतका की जिथे जन्मला तिथून शंभर-दोनशे पावलांपलीकडे सहसा जात नाही. म्हणजे एखाद्या गल्लीत ताप पसरला, तर तो पसरवणारा डास त्याच गल्लीत कुठेतरी जन्माला येतोय हे नक्की. शोधलं की सापडतो. माझी सगळी नोकरी या एका वाक्यावर चालली.

एका गावातून दुसऱ्या गावात हा ताप जातो तो माणसाच्या अंगातून. वरठीचंच घ्या. तिथे कारखाना आहे, स्टेशन आहे. रोज शेकडो माणसं मोटारसायकलनं, सायकलनं येतात-जातात. कोणाच्या अंगात ताप मुरत असतो, त्याला तिथला डास चावतो आणि मग तो डास दुसऱ्याला चावतो. एका पावसाळ्यात मला तिकडे मदतीला पाठवलं. रस्त्याकडेला गुलाबभाऊंचं पंक्चरचं दुकान होतं. ट्यूब बुडवायला अर्धा कापलेला ड्रम, त्यातलं पाणी कधी बदललं ते गुलाबभाऊंनाही आठवत नव्हतं. ते त्यांनी निमूटपणे ओतून दिलं. पण दुकानाच्या टिनांवर वजन म्हणून वीस-पंचवीस जुने टायर ठेवलेले आणि प्रत्येक टायरमध्ये पाणी. मी म्हटलं, हे काढा.

"काढले त टिना उडून जातीन ना जी. तुमच्या खात्यातून टिना भेटते काय?"

"मग असं करा, प्रत्येक टायरला खालून दोन-तीन भोकं पाडा. पाणी गळून जाईल."

गुलाबभाऊंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. "पंक्चरवाल्याले टायरले भोकं पाडायले सांगता? लाज नाय वाटत काय साहेब?"

चौथ्या दिवशी गेलो तर माणूस तापलेली सळई घेऊन टिनांवर चढला होता आणि खाली उभ्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगत होता, "जिंदगीभर भोकं बुजवली, आता म्हातारपनी पाडून राहिलो!" अशी माणसं भेटली म्हणून नोकरी गोड गेली.

सगळीच काही अशी नव्हती. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीत मी बाईला "हा रांजण रिकामा करून घासा" म्हणालो, की ती कंबरेवर हात ठेवून विचारी, "मंग भरून तुमी देसाल काय?" मी गुमान औषधाचे थेंब टाकायचो आणि रांजणाला फडकं बांधून द्यायचो. पुढाऱ्यांना धूर हवा असे. धुराचं मशीन गल्लीत फटफटत आलं की पोरं मागे धावत, लोकांना वाटे सरकार काहीतरी करतंय. धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मजेत राहतात आणि आठ दिवसांनी पुन्हा उडतात. हे मी निदान हजार वेळा समजावलं असेल. "ते ठीक हाय, पन आमच्या दारात एक चक्कर मारा," हेही हजार वेळा ऐकलं.

आता ज्या गल्लीसाठी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

मी आंधळगावच्या विणकराचा मुलगा. आमच्या घरात खड्डामाग होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत मांडीइतका खोल खड्डा असतो, विणकर त्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडून खालच्या लाकडी पावड्या एकदा डाव्या, एकदा उजव्या पायानं दाबतो आणि हातानं आडव्या सुताचा धोटा फेकतो. माझ्या वडिलांचं अर्धं शरीर दिवसभर जमिनीखाली असायचं. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा ते जेवायला उठले, तेव्हा मी त्यांच्यासारखाच काठावर बसून पाय आत सोडले. मागून अशी थप्पड बसली की कान गरम झाला. "इथं पाय घालते तो इननारा. बाकीच्यानं नमस्कार करा अन् बाजूनं जा." आयुष्यात त्यांनी मला दोनदाच मारलं, त्यातली ही एक. दसऱ्याला खड्ड्याच्या काठावर दिवा लागायचा. माग बंद पडल्यावर आमच्याकडे खड्डा बुजवत नसत. फळ्या टाकून झाकून ठेवत. काठी-दोरी काढून भिंतीला टांगलेली असली, तरी खड्डा आहे तोवर माग आहे, अशी समजूत.

भंडाऱ्याच्या ज्या गल्लीत मी काम करत होतो ती विणकरांचीच. माग बहुतेक बंद पडलेले. गल्लीच्या मधोमध तुळशीराम बुवांचं घर. वय तेव्हा पासष्टच्या पुढे, हातमागावर जरीचे काठ विणणारे म्हणून एके काळी नाव होतं. मी कोष्ट्याचा, आंधळगावचा, हे कळल्यापासून ते मला साहेब म्हणत नसत, मधुकर म्हणत. त्यांची मुलगी वनिता सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

पोळा नुकताच झालेला. गल्लीत सहा घरांत ताप. मी पहिल्या फेरीला गेलो. तुळशीराम बुवांच्या घरी माठ, रांजण, न्हाणीतलं टाकं, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, तुळशीच्या कुंडीखालची बशी असं सगळं पाहिलं. चौदा भांडी. एकातही अळी नाही. वनितानं चहा दिला, साखर जास्त झाली का म्हणून विचारलं. मधल्या खोलीत कोपऱ्यात सागाच्या दोन फळ्या टाकलेल्या, वर विझलेली पणती आणि हळदकुंकवाची बोटं. खाली काय आहे ते मला सांगायला नको होतं. मी पायातली चप्पल बाहेर काढलेलीच होती. वाकून फळीला हात लावला, हात छातीला नेला आणि बाजूनं निघून गेलो. चौकटीवर लिहिलं १४/०.

आठ दिवसांनी दुसरी फेरी. तापाची घरं सहाची अकरा झालेली. वनिता डोक्याला रुमाल बांधून पडली होती. "डोळ्याच्या मांगं दुखून राहिलं, भाऊ," म्हणाली. हे वाक्य मी ओळखतो. तिला तिथूनच दवाखान्यात पाठवलं आणि चौदा भांडी पुन्हा पाहिली. शून्य. जाताना फळीला नमस्कार केला. १४/०.

तिसऱ्या फेरीला माझ्यासोबत कुंदाबाई होत्या. नवीन लागलेल्या आरोग्य सेविका, कोंढ्याच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि बोलायला जराही मागे-पुढे न पाहणाऱ्या. त्या दिवशी घरात तुळशीराम बुवा एकटेच होते. वनिताला आदल्या संध्याकाळी नागपूरला हलवलं होतं, आई तिच्यासोबत. प्लेटलेट खाली चालले होते आणि पोटात सात महिन्यांचं बाळ. डॉक्टरांनी "आम्ही प्रयत्न करतो" एवढंच सांगितलं होतं.

मी चौदा भांडी पाहिली. कुंदाबाईंनी खुंटीवरचे कपडे झटकले आणि नळीत एका दमात सात डास धरले. सगळे पट्टेवाले, ताजे. "सर, हे याच घरात जन्मून राहिले," त्या म्हणाल्या.

"चौदाच्या चौदा स्वच्छ आहेत हो."

त्या मधल्या खोलीत उभ्या राहिल्या. "याच्या खाली काय हाय?"

"माग होता."

"होता ना. आता काय हाय?"

तुळशीराम बुवा भिंतीकडे बघत होते. मी म्हटलं, "कुंदाबाई, ती जागा पूजेची आहे. मागाचा खड्डा आहे."

"खड्डा हाय म्हनूनच त इचारून राहिली. आमी धानवाले लोक, सर. खड्डा दिसला का आमाले पानी दिसते."

त्यांनी पणती उचलून अलगद बाजूला ठेवली, मनगट कपाळाला लावलं आणि फळी सरकवली.

मी बॅटरी मारली. दगडाचा बांधीव खड्डा, आतून सिमेंटचा गिलावा. वाळवी लागू नये म्हणून बुवांनी स्वतःच कधीतरी केलेला. छपराची एक गळती नेमकी तिथे उतरत होती. गुडघाभर पाणी, काचेसारखं नितळ. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, डासाला जायला-यायला राजदरवाजाच. उजेड पडताच सगळं पाणी वळवळलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एका जागी इतक्या अळ्या मी पाहिल्या नव्हत्या. डाव बुडवायचीही गरज नव्हती.

मी मागे वळलो तर चौकटीवर माझ्याच अक्षरात दोन शून्यं होती. गोल गरगरीत.

पाणी मीच काढलं. हे पाणी नुसतं उपसून भागत नाही. या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. भिंती घासाव्या लागतात, त्यासाठी आत उतरावं लागतं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. काठावर बसलो आणि पाय आत सोडले. वयाची पन्नाशी उलटलेली, तरी कान गरम झाला. तास-दीड तास काथ्याच्या ब्रशनं घासत होतो. कुंदाबाई बादल्या ओतत होत्या. तुळशीराम बुवा तिथेच पाटावर बसून होते, मध्येच म्हणाले, "मधुकर, पोरगी वाचन ना रे?"

मी खाली मान घालून घासत राहिलो.

निघताना चौकटीवर १५/१ लिहिलं. कार्यालयात साहेबांना सांगितलं की दोन फेऱ्या माझ्याकडून सुटलं. साहेब चांगले होते, म्हणाले, होतं असं. पण असं होत नाही. झालं ते एवढ्यासाठी, की तिथे बघणारा कोष्ट्याचा पोर होता. दुसऱ्या कुठल्याही घरात, देव्हाऱ्याखाली पाणी साचलं असतं तरी मी देव उचलून बघितलं असतं. पहिल्या दिवशी चहा देणारी वनिता धडधाकट होती. तेव्हा मी ती फळी उचलली असती, तर तिला हा डास कदाचित चावलाच नसता. हा हिशेब मी तेव्हा रोज करत होतो, सायकल चालवताना, जेवताना. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी मी एका घराच्या गच्चीवर टाकीच्या शिडीवर उभा होतो, अर्धं अंग टाकीत. मोबाइल वाजला. तुळशीराम बुवांना फोनवर हळू बोलता येत नसे. "मधुकर! पेशी वाढल्या! बाळ बी ठीक हाय!" टाकीत तो आवाज असा घुमला, की खालच्या मालकिणीनं विचारलं, "काय झालं जी?" मी म्हटलं, "काही नाही, टाकी स्वच्छ आहे." आणि तिथेच शिडीवर उभा राहून रडलो. दीड महिन्यानं वनिताला मुलगी झाली. गल्लीत पेढे वाटले, माझ्या वाट्याला चार आले.

गल्लीचा तापही ओसरला. पण खड्ड्याचं काय करायचं ते ठरायचं होतं. साहेबांनी लेखी आदेश काढला, मुरूम टाकून बुजवा. हातगाडी दारात आली. तुळशीराम बुवा जाऊन खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत.

"भरा," म्हणाले. "मले घेऊन भरा."

हातगाडीवाला माझ्याकडे बघायला लागला. बुवा आवाज न चढवता बोलत होते. "पोरगी मोठी का खड्डा मोठा, हे मले नोका इचारू. पोरगी मोठी. पन पन्नास वर्सं माह्या पायानं जी जागा पाहिली, तिच्यात माती लोटायची असन त मी गेल्यावर लोटा. कोरडा ठेवतो, रोज पुसतो."

छप्पर गळकं, वय झालेलं. रोज पुसणं होणार नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं. आमच्या कार्यालयाच्या मागच्या टाक्यात गप्पी मासे पाळलेले असत. बोटाच्या पेराएवढा मासा, पण डासाच्या अळ्यांवर वाघासारखा पडतो. विहिरीत, मोठ्या टाक्यात आम्ही तो सोडत होतोच. मागाच्या खड्ड्यात कोणी सोडला नव्हता. मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, दर गुरुवारी मी स्वतः तपासीन, एक अळी दिसली तर मुरूम मीच टाकीन. साहेब म्हणाले, "मधुकरराव, हे कोणत्या नियमात बसतं?" म्हटलं, "कोणत्याच नाही." ते हसले आणि आदेश फाईलमध्ये मागे सरकवला.

मग मी प्लास्टिकच्या पिशवीत पन्नास गप्पी घेऊन गेलो. फळ्या काढून टाकल्या. खड्ड्यात मुद्दाम पाणी भरलं, वरून उजेड यावा म्हणून छपराला एक काच बसवली. पहिल्या दिवशी बुवा फार नाराज. "मागाच्या जागी मासोया पाळायच्या. बाप पाहत असन वरून." दुसऱ्या गुरुवारी गेलो तर माशांना कणकेच्या गोळ्या भरवत होते. महिन्याभरात पन्नासाचे शेकडो झाले. मग बुवांनी गल्लीत वाटप सुरू केलं. कोणाच्या न्हाणीच्या टाक्यात दहा, कोणाच्या हौदात वीस. देताना दम द्यायचे, "सांभाळून. मागाचे मासे हायेत हे." दसऱ्याला त्यांच्या घरी खड्ड्याच्या काठावर दिवा लागतो तो लागतोच. आता दिव्याचा उजेड पाण्यात हलतो एवढंच. पुढे गल्लीतल्या आणखी तीन बंद मागांच्या फळ्या निघाल्या. तिन्हींत पाणी होतं. ते खड्डे उघडताना मी नमस्कार आधीही केला आणि नंतरही, पण फळी उचलली. आंधळगावच्या आमच्या घरीही गेलो आणि वडिलांच्या खड्ड्यावरची फळी काढली. कोरडा होता. तळाशी एक पावडी पडली होती, ती आणून इथे कपाटावर ठेवली आहे.

निवृत्त झालो त्याला आता काही वर्षं झाली. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि पांढरा डाव दिला. कुंदाबाई त्या वेळी म्हणाल्या, "सर, आता नातेवाइकाइच्या घरी गेले त माठात डोकावू नोका." ते काही सुटलेलं नाही.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा तुळशीराम बुवांना विचारल्याशिवाय त्यांचं घर लिहिणं बरं वाटेना. शिवाय एक गोष्ट त्यांना मी कधी सांगितलीच नव्हती. दर गुरुवारी त्यांच्याकडे चहा प्यायलो, पण ती जिभेवर येऊन परत जायची. मागच्या महिन्यात गेलो. बुवा आता ऐंशीकडे झुकले, ऐकू कमी येतं, पण नजर साफ. वनिता मुलीला घेऊन आली होती. मुलीचं नाव खुशी, चौथीत आहे.

चहा झाला. मी म्हटलं, "बुवा, एक सांगायचं होतं. वनिताच्या तापाच्या वेळी मी आधी दोनदा घर तपासलं होतं. दोन्ही वेळा फळी उचलली नाही. नुसता नमस्कार करून गेलो. उचलली असती तर पोरीवर ती वेळ आली नसती. इतकी वर्षं सांगायची हिंमत झाली नाही."

बुवा कपबशी हातात तशीच धरून खड्ड्यातल्या पाण्याकडे बघत होते. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मग ते म्हणाले, "मले ठाऊक होतं."

"काय?"

"तू नमस्कार करून गेला, ते. मी मांगं उभा होतो ना." त्यांनी कपबशी खाली ठेवली. "अन् आत पानी होतं, ते बी ठाऊक होतं. पाऊस आला का धार तठीच पडे, आवाज येये. दुसरं कोनी आलं असतं त मी दाराले कुलूप लावून निघून गेलो असतो. तू आला का मनात म्हनो, आपला पोरगा हाय, कोष्ट्याचा हाय, हा फळी उचलत नाय. तुह्या नमस्काराच्या भरवशावर बसलो होतो मी."

बुवा पुढे बोलले. "पोरगी नागपूरले होती ते नऊ दिवस जेवन गेलं नाय. तुले सांगाव म्हनो, पन लाज वाटे. बापच लपवते अन् पोरगी भोगते."

"मला वाटायचं माझ्यामुळे झालं."

"मले वाटे माह्यामुळं," बुवा म्हणाले, आणि त्यांना एकदम हसू आलं. मलाही आलं. इतक्या वर्षांचं ओझं दोघांनी निम्मं निम्मं वाहिलं असतं तर केवढं हलकं झालं असतं! दर गुरुवारी समोरासमोर बसून दोघंही अख्खंच वाहत होतो. आतून वनिता ओरडली, "बाबा, कायले हसून राहिले जी?" लेखाचं विचारलं तर बुवा म्हणाले, "लिही ना बाप्पा. लपवून का भलं झालं?"

तेवढ्यात खुशी कणकेची वाटी घेऊन आली. आमच्याकडे लक्षही न देता खड्ड्याच्या काठावर जाऊन बसली आणि दोन्ही पाय सरळ आत सोडले, जिथे बुवांचे पाय पन्नास वर्षं होते. सवयीनं बुवांचा हात वर गेला. माझाही कान उगीच गरम झाला. बुवांनी तो हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिच्या हातातली कणीक पाण्याकडे ढकलली. मासे तिच्या पायांच्या बोटांभोवती गोळा झाले.

"आबाजी, गुदगुल्या करून राहिले हे," ती म्हणाली आणि पाय हलवायला लागली. एकदा डावा, एकदा उजवा.